उन्हाच्या गावात 'ड' जीवनसत्त्व का आटतं?

मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. तरी इथल्या काहींच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमीच निघतं. दुपारभर दारं लावून घरात बसणं, बाहेर पडलं तर तोंडाला रुमाल, हे एक कारण. दुसरं औषधांच्या डब्यात असू शकतं.

उन्हानं त्वचेत बनलेलं 'ड' कच्चं असतं. आधी यकृत, मग मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतं. तेव्हा कुठे आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट शोषतं. फिटवरचं फेनिटॉइन आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृतातली अशी विकरं वाढवतात, जी 'ड' झपाट्यानं मोडून टाकतात. पांझरा नदीकाठच्या फड सिंचनातला पाट मध्येच फुटला की शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसंच हे. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून उचल करतं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट आणखी वाईट. त्या हाड बांधणाऱ्या पेशींनाच थोपवतात. तीन महिने किंवा जास्त चालल्या तर हाडांकडे लक्ष हवंच.

म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका; डॉक्टरांना 'ड'ची तपासणी करायची का, ते विचारा. आणि डॉक्टरांनी 'ड'ची 60 हजार युनिटची पुडी दिली, तर ती सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही.