हिरव्या ठिपक्याच्या पलीकडचा पिझ्झा

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका १९९८ मध्ये अस्तित्वात आली. औद्योगिक वसाहतीमुळे कुपवाडची वस्ती वाढली, तशा घराबाहेर जेवण्याच्या सवयीही बदलल्या. भडंग आणि मिसळीच्या जोडीला पिझ्झा आला आणि वाढदिवसाच्या किंवा सुटीच्या जेवणात त्याने आपली जागा पक्की केली. मात्र कुटुंबातील एखादी व्यक्ती दूध, दही, तूप, चीज आणि मधही वर्ज्य मानत असेल, तर याच जेवणात तिची पंचाईत होते. दरवाजावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी असली तरी ही अडचण सुटत नाही.

अशा आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली रूढ करण्यात आला. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणे, हा त्याचा अर्थ. काही जण प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून हा आहार स्वीकारतात. काहींना दुधातील साखर पचत नाही, तर काहींना दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. अशांचा प्रश्न तत्त्वाचा नसून प्रकृतीचा असतो, पण हॉटेलात गेल्यावर दुधाबाबत या सर्वांना विचारावे लागणारे प्रश्न एकच असतात.

ठिपका काय सांगतो?

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका भारतात २००१ पासून परिचित आहे. हा ठिपका म्हणजे प्राणिजन्य पदार्थ नसल्याची हमी, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात नियमांनी मांसाहाराची व्याख्या करताना दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांना त्यातून वगळले आहे. त्यामुळे चीजने ओथंबलेल्या पिझ्झालाही हिरवा ठिपका मिळतो आणि तो नियमाला धरूनच असतो. दुधाचा अंश आहे की नाही, हे या ठिपक्यावरून कळू शकत नाही.

ही उणीव लक्षात घेऊन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. 'व्ही' हे इंग्रजी अक्षर आणि त्यावर पान, असे हिरव्या रंगातील बोधचिन्ह त्यासाठी ठरविण्यात आले. मात्र हे चिन्ह मुख्यतः वेष्टनातील पदार्थांवर दिसते. भटारखान्यातून थेट ताटात येणाऱ्या पदार्थाबाबत ग्राहकाला विचारूनच खात्री करावी लागते.

दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांची माहिती ग्राहकांना देणे २०२२ पासून बंधनकारक आहे. या घटकांत दुधाचा समावेश होतो. त्यामुळे मोठ्या साखळी दुकानांत ही माहिती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एकाच शाखेच्या स्थानिक दुकानाला सामान्यतः हे बंधन नसते. तेथे आचाऱ्याशी केलेली दोन मिनिटांची बोलणीच उपयोगी पडतात.

दूध कोठे दडलेले असते?

चीज डोळ्यांना दिसते, त्यामुळे ते टाळणे सोपे. खरी दक्षता इतर घटकांबाबत घ्यावी लागते. पिझ्झाचा बेस मुळात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचा. यीस्ट ही एकपेशीय बुरशी असल्याने तिची अडचण नाही. परंतु बेस मऊ व्हावा म्हणून कणकेत दूध पावडर किंवा दही घातले जाऊ शकते, तर भाजल्यावर कडांना बटर लावले जाऊ शकते. बेस बाहेरच्या बेकरीतून येत असेल, तर त्याच्या वेष्टनावरील घटकांची यादी पाहणे उत्तम.

व्हाइट सॉस दूध आणि लोण्यातूनच तयार होतो. गार्लिक ब्रेडवर बटर असते. पारंपरिक पेस्टो सॉसमध्ये चीज असते. मेयोनीज मूळचे अंड्याचे. 'एगलेस' लिहिलेल्या मेयोनीजमध्ये दुधाची पावडर असू शकते. सूपमध्ये शेवटी मलई सोडली जाते. सुका पास्ता बहुधा रव्याचा व बिनअंड्याचा असतो, ताज्या पास्त्यात मात्र अंडे असू शकते.

जैन पिझ्झाचा धडा

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जैन समाज मोठा आहे. कांदा, लसूण आणि बटाटा वगळून केलेला 'जैन पिझ्झा' येथील खवय्यांना अपरिचित नाही. म्हणजे ग्राहकाच्या नियमानुसार पदार्थात बदल करणे भटारखान्याला जमते. मात्र येथेच गफलत होण्याचा संभव असतो. 'व्हीगन' म्हटल्यावर ते 'जैन'च समजले गेले, तर कांदा-लसूण वगळला जाईल आणि चीज तसेच राहील. म्हणून आहाराचे नाव सांगण्यापेक्षा नको असलेल्या वस्तू सांगाव्यात. 'चीज, पनीर, बटर, दूध, दही, मलई, मेयोनीज आणि मध यांपैकी काहीही नको,' या एका वाक्यात बहुतेक गैरसमज टळतात.

चीजविना पिझ्झा म्हणजे अपुरा पिझ्झा, असेही नाही. नेपल्सच्या पिझ्झाची परंपरा जपण्यासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेली तेथील संस्था ज्या दोन प्रकारांना प्रमाण मानते, त्यांतील 'मारिनारा'वर चीज नसतेच. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल एवढाच त्याचा साज. नावात समुद्र असला, तरी त्यात मासे नसतात.

हे तंत्र येथेही वापरता येते. चीजचा थर नसल्याने भाज्यांना ओव्हनची आच थेट लागते व त्या सुकतात. त्यासाठी टोमॅटोचा सॉस थोडा अधिक मागावा आणि ढोबळी मिरची, कांदा, मशरूम तेलावर परतून घालण्यास सांगावे. ऑलिव्ह, मका, हॅलापिनो यांनी चव वाढते. वनस्पतिजन्य 'चीज' मिळत असेल, तर त्याला दुधाच्या चीजसारखी तार सुटेलच, अशी अपेक्षा ठेवू नये. ती तार दुधातील केसीन या प्रथिनामुळे येते. पर्यायी पदार्थ बहुधा खोबरेल तेल आणि स्टार्चपासून केलेले असतात.

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, विशेषतः लहान मुलांच्या पालकांनी, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच सुरीने सगळे पिझ्झा कापले जातात, एकाच ओट्यावर चीज पसरले जाते. तत्त्व म्हणून दूध सोडणाऱ्यास हा स्पर्श चालू शकेल, पण तीव्र अ‍ॅलर्जीत चीजचा कणही घातक ठरू शकतो. स्वच्छ सुरी व वेगळा ट्रे मिळेल का, हे आधीच विचारावे. खात्री नसेल तर तेथील पिझ्झा त्या मुलास न देणेच श्रेयस्कर.

शक्य असल्यास गर्दीच्या वेळेपूर्वी दूरध्वनी करून चौकशी करावी. ज्या भागात भाकरी, तेलाच्या फोडणीचे पिठले, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे दुधाविना होणारे जेवण पिढ्यानपिढ्या रुचीने जेवले जाते, तेथे बिनदुधाच्या पदार्थाची मागणी विक्षिप्त ठरण्याचे कारण नाही. ती नेमक्या शब्दांत मांडली, तर घरातील सर्वांना एकाच टेबलावर जेवता येईल.