'स्मशान' म्हणजे फक्त जाळण्याची जागा? मूळ अर्थ वेगळाच आहे!

हिंदूंचं स्मशान, मुस्लिमांचं कब्रस्तान. एकीकडे जाळतात, दुसरीकडे पुरतात. बहुतेकांच्या डोक्यात ही विभागणी पक्की आहे. पण 'स्मशान' या शब्दात जाळण्याचा उल्लेखच नाही.

मूळ संस्कृत शब्द 'श्मशान'. मराठीत तो 'स्मशान' असा लिहिला जातो. यास्काने 'निरुक्त' या ग्रंथात त्याची फोड 'श्म' म्हणजे शरीर आणि 'शयन' म्हणजे झोपणं अशी केली आहे. थोडक्यात, शरीर जिथे निजतं ती जागा. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. मोनिअर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात 'अश्म-शयन', म्हणजे दगडी शय्या, असा पर्याय सुचवला आहे. पण आग दोन्हींत नाही.

याहून रंजक माहिती शतपथ ब्राह्मणात मिळते. तिथे 'श्मशान' म्हणजे मृताच्या अस्थींवर उभारलेला मातीचा उंचवटा. तो चौकोनी असावा की गोल, यावरही तिथे चर्चा आहे. देवांना मानणारे चौकोनी बांधतात आणि पूर्वेकडचे 'आसुरी' लोक गोल, असं त्यात म्हटलंय. म्हणजे 'आमचं वेगळं, त्यांचं वेगळं' हा वाद तेव्हाही होताच!

प्राकृतातून हाच शब्द मराठीत 'मसण' झाला. त्यावरून मसणवटा आला आणि 'मसणात जा' ही शिवीही. कदाचित म्हणूनच आता पाट्यांवर वैकुंठधाम, अमरधाम, मोक्षधाम अशी नावं दिसतात.

'कब्रस्तान'मध्ये 'कब्र' अरबी आहे आणि 'स्तान' फारसी. हा 'स्तान' आपल्या 'स्थान'चा सख्खा नातेवाईक. इंग्रजीतला 'सिमेटरी' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थही झोपण्याची जागा असाच होतो.

मुद्दा फक्त शब्दाचा नाही. महाराष्ट्रात लिंगायत आणि गोसावी समाजात दफनाची परंपरा आहे. एरवी दहन करणारी अनेक हिंदू कुटुंबंही तान्ह्या बाळाला पुरतात. तरी स्मशानभूमी म्हटलं की ओटा, पत्र्याची शेड आणि लाकडं एवढंच गृहीत धरलं जातं. त्यामुळे अनेक गावांत दफन करणाऱ्या कुटुंबांना जागेसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, तेही घरात माणूस गेलेला असताना.