दार बंद ठेवणारं औषध

मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला मी दिसले नाही, की "होतीस कुठे?" म्हणून फोन येतात. आजवर काहीतरी सबब सांगत आले. यंदा खरं उत्तर लिहूनच टाकते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. दर २८ दिवसांनी तासभर खुर्चीत बसून शिरेतून औषध घ्यावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. डोळा फिरवला की दुखायचा. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. एमआरआयनंतर कळलं, की माझ्याच पांढऱ्या पेशी रक्तातून मेंदूत शिरून मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडत होत्या. मी मराठीची एम.ए. पुण्याच्या शाळेत सहा वर्षं व्याकरण शिकवलं, विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी 'शिरतात म्हणजे नेमक्या कशा?' हा प्रश्न पाठ सोडेना.

जर्मन शास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सूज येऊ लागली, तशा पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला जमल्या आणि भिंतीतून बाहेर पडल्या.

डोंबिवलीला चालत्या लोकलमधून उतरणारे आठवा. त्यांना एकदम थांबता येत नाही, गाडीच्या दिशेने चार पावलं पळावं लागतं. पेशींचंही तसंच. जखम झाली, की जवळच्या बारीक शिरांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. वेगाने वाहणारी पेशी त्यांना धरते, सोडते, पुन्हा धरते आणि गडगडत मंदावते. मग अस्तरावरच्या रासायनिक खुणेमुळे पेशीच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे 'हात' पकड घट्ट करतात. पेशी थांबते, चपटी होते आणि बहुधा अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सरकते. लेकाचा गुडघा फुटला, की दुसऱ्या दिवशी तो लाल, गरम होऊन सुजतो, त्यामागे हीच लगबग असते.

मेंदूकडे जाणारं दार मात्र एरवी फार कडक. माझ्या आजारात ते सैल पडतं. नॅटालिझुमॅब हे माझं औषध एका जातीच्या इंटिग्रिनवर जाऊन बसतं. हातच बांधले गेल्यावर पेशींना मेंदूत शिरणं अवघड होतं.

पण चोर अडवताना पहारेकरीही बाहेरच राहतात. अमेरिकेत या औषधाला २००४ मध्ये मान्यता मिळाली. काही रुग्णांना मेंदूचा गंभीर संसर्ग झाला आणि २००५ मध्ये ते थांबवलं गेलं. २००६ मध्ये ते परत आलं, कडक देखरेखीसह. हा संसर्ग जेसी विषाणूमुळे होतो. तो बऱ्याच प्रौढांच्या शरीरात निमूट पडून असतो, पहारा उठला की डोकं वर काढू शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी माझं रक्त तपासतात. आतापर्यंत निगेटिव्ह आहे. उद्या पॉझिटिव्ह आलं, तर औषध बदलायचं का, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं लागेल.

आई सुरुवातीला म्हणाली होती, "कुणाला सांगू नकोस गं." आता तीच विचारते, "रिपोर्ट आला का?" पुढची तपासणी दिवाळीच्याच आठवड्यात आहे. चकलीची भाजणी आधीच दळून ठेवणार आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यापुढे असं धुकं आलं, हातापायाला बधिरपणा आला आणि तो टिकला, तर दमणुकीवर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि मी कार्यक्रमाला दिसले नाही, तर फोन जरूर करा. आता सबब सांगणार नाही.