कास्तियोंचा खंदक

शंभर वर्षांचे युद्ध म्हटले की दोन प्रसंग हटकून आठवतात. अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात इंग्रज तिरंदाजांनी लोळवलेले फ्रेंच सरदार, आणि रुआँच्या चौकात जिवंत जाळलेली जोन ऑफ आर्क. पहिला १४१५चा, दुसरा १४३१चा. युद्ध मात्र त्यानंतरही बावीस वर्षे रेंगाळले. त्याचा निकाल लागला १७ जुलै १४५३ रोजी, बोर्दोच्या पूर्वेला दोर्दोन्य नदीकाठच्या कास्तियों या छोट्या गावाबाहेर. या लढाईच्या वाट्याला इतकी उपेक्षा का यावी? माझ्या मते, तिचा शिल्पकार घोड्यावरचा वीर नव्हता म्हणून. तो फ्रान्सच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब सांभाळणारा कारभारी होता.

त्याचे नाव झाँ ब्युरो. भाऊ गास्पार याच्या साथीने त्याने सातव्या चार्ल्सचा तोफखाना उभा केला. एकेकाळी राज्य गमावून बसलेल्या या राजाने १४३९ नंतर कायमचा कर बसवला, १४४५ मध्ये पगारी खडी फौज उभारली आणि १४४८ मध्ये गावोगावच्या तिरंदाजांची नोंद करवली. ज्याला पगार वेळेवर मिळतो तो शिपाई हिवाळा आला म्हणून घरी जात नाही आणि वाटेतली गावेही कमी लुटतो. क्रेसी आणि अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंचांकडे शौर्याची वाण नव्हतीच. वाण होती ती शिस्तीची. ती आल्यावर १४५० पर्यंत सारा नॉर्मंडी हातात आला आणि १४५१ मध्ये बोर्दोही पडले.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. बोर्दोच्या लोकांना ही ‘मुक्ती’ नकोच होती. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनची एलिनोर हेन्री प्लँटाजेनेटला वरली, तेव्हापासून तीनशे वर्षे हा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याचा होता. इथली वाइन पिपांतून जहाजांवर चढायची आणि इंग्लंडात विकली जायची. फ्रेंच राजवटीने कर आणले आणि बाजार तोडला. शहरातल्या पुढाऱ्यांनी गुपचूप इंग्लंडला निरोप धाडला आणि ऑक्टोबर १४५२ मध्ये जॉन टॅल्बट फौज घेऊन उतरताच वेशी उघडल्या.

टॅल्बट तेव्हा साठी उलटलेला, फ्रान्समध्ये धाक असलेला सेनानी. अचानक झडप घालणे हीच त्याची रीत. पुढच्या वर्षी ब्युरोने कास्तियोंवर मोर्चे लावले. त्याने छावणी तटापासून दूर ठेवली, लिदवार ओढ्याच्या काठाने वेडावाकडा खंदक खणला आणि मागे मेढेकोट उभा केला. लहानमोठ्या मिळून सुमारे तीनशे तोफा-बंदुका त्याच्यापाशी होत्या, असे सांगतात. खंदकाच्या वळणांमुळे चालून येणाऱ्यांवर समोरून आणि बगलेवरूनही मारा होणार होता.

टॅल्बट रातोरात कूच करून आला. पहाटे त्याने एका मठात उतरलेले फ्रेंच तिरंदाज कापून काढले. तेवढ्यात छावणीकडून धूळ उठल्याची खबर आली: फ्रेंच पळत आहेत! प्रत्यक्षात छावणीतून घोडे आणि बाजारबुणगे मागे हलवले जात होते. टॅल्बटचे स्वतःचे पायदळ अजून वाटेतच होते. तरीही टॅल्बटने हल्ल्याचा हुकूम दिला. पूर्वी कैदेतून सुटताना फ्रेंच राजाविरुद्ध चिलखत न चढवण्याची शपथ त्याने घेतली होती, असे सांगितले जाते. त्यामुळे तो बिनचिलखताने पांढऱ्या घोड्यावर होता. स्वार पायउतार होऊन खंदकावर धडकले. दाटीत शिरलेला एकेक गोळा पाचसहा जणांना घेऊन जात होता, असे वर्णन मिळते. तरी ही माणसे तासभर मागे हटली नाहीत. मागून येणारी पथके तुकड्यातुकड्यांनी त्याच आगीत पडत राहिली. शेवटी ब्रेटन स्वार बगलेवर तुटून पडले आणि फळी फुटली. नदीच्या उताराकडे पळापळ झाली. टॅल्बटचा घोडा गोळ्याने कोसळला, तो खाली अडकला आणि एका फ्रेंच तिरंदाजाने त्याला कुऱ्हाडीने मारले. बापाजवळच मुलगाही पडला.

टॅल्बटचे शौर्य निर्विवाद आहे. पण त्या शौर्याने त्याची माणसे तोफांच्या तोंडी दिली, हेही मला तितकेच खरे वाटते. बरोबर सात आठवडे आधी, २९ मे रोजी, तुर्कांच्या तोफांनी कॉन्स्टँटिनोपलचे तट फोडले होते. एकाच उन्हाळ्यात युरोपच्या दोन टोकांना दारूगोळ्याने निकाल लावले.

गंमत म्हणजे तहनामा झालाच नाही. ऑगस्टमध्ये इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याचे मानसिक संतुलन ढळले आणि १४५५ पासून इंग्लंड घरच्याच यादवीत अडकले. कॅले बंदर १५५८ पर्यंत इंग्रजांकडे राहिले आणि इंग्लंडच्या राजांनी ‘फ्रान्सचा राजा’ ही पदवी १८०१ पर्यंत सोडली नाही.

बोर्दोने १९ ऑक्टोबर १४५३ रोजी शरणागती पत्करली. चार्ल्सने शहराचे विशेष हक्क काढून घेतले, मोठा दंड बसवला आणि दोन किल्ले बांधायला घेतले, शत्रूला रोखायला आणि नव्याने प्रजा झालेल्या बोर्दोकरांना धाकात ठेवायलाही.