सहा तारांची बाराखडी

आपल्या शाळेच्या संगीतकक्षात पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या शेजारी गेली काही वर्षे दोन गिटारीही टांगलेल्या आहेत. दर जूनमध्ये त्यांच्याभोवती मुलामुलींची गर्दी होते आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तीन-चारच विद्यार्थी उरतात. मुलांची हौस अल्पजीवी असते, असे आम्ही संगीत विभागातील शिक्षक बराच काळ समजत होतो. एके वर्षी सहावीतील एक विद्यार्थिनी, ‘सर, माझ्या हातात सूरच नाही,’ असे म्हणून गिटार खुंटीला अडकवून गेली. ती गेल्यावर आम्ही ती गिटार हाती घेतली, तेव्हा तारा दांडीपासून इतक्या उंच आढळल्या की आमच्या बोटांनाही त्या नीट दाबता येईनात. शिवाय पहिल्याच दिवशी तीन बोटांनी एकदम दाबायचे कॉर्ड आम्ही तिला शिकवू लागलो होतो. उणीव तिच्या हातात नव्हती. आमच्या वाद्यात आणि आमच्या क्रमात होती. त्यानंतर आम्ही जो क्रम स्वीकारला, तो माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम तारांची ओळख. गिटारीला सहा तारा असतात आणि त्यांची मोजणी बारीक तारेपासून होते. वाद्य मांडीवर घेतले की जमिनीच्या बाजूची सर्वांत बारीक तार पहिली आणि आपल्या हनुवटीच्या बाजूची सर्वांत जाड तार सहावी. नवशिक्याची पहिली गफलत येथेच होते, कारण त्याला वरची तार पहिली वाटते. पहिलीपासून सहावीपर्यंत मोकळ्या तारांचे स्वर अनुक्रमे ई, बी, जी, डी, ए आणि पुन्हा ई असे आहेत. पहिली आणि सहावी यांचे नाव एकच असले तरी त्यांच्यात दोन सप्तकांचे अंतर आहे.

दुसरी पायरी तारा जुळवण्याची. आज मोबाइलवरील ट्यूनरने हे काम झटपट होते. तथापि कानाने जुळवण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याला यावी, असा आमचा आग्रह असतो. सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर निघतो, तोच मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर होय. पाचवीच्या पाचव्या पडद्यावर चौथीचा आणि चौथीच्या पाचव्या पडद्यावर तिसरीचा स्वर मिळतो. अपवाद एकच आहे: दुसरी तार जुळवताना तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबावी लागते. शेवटी दुसरीच्या पाचव्या पडद्याशी पहिली जुळते. सहावी तार मात्र ट्यूनरवरून किंवा पेटीवरून घ्यावी. खुंटी पिळताना तार अति ताणली तर तुटते आणि सैल राहिली तर खुळखुळते. अंगुत्तर निकायातील सोण कोळिविसाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या त्या भिक्खूला, तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे याची आठवण देऊन, भगवंतांनी मध्यम ताणाचा बोध केला. ज्याने स्वतः खुंटी पिळली आहे, त्याला ही कथा अधिक लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी पायरी पडद्यांची. दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे. एक पडदा पुढे सरकले की स्वर अर्ध्या स्वराने चढतो, आणि बारा पडदे ओलांडले की त्याच नावाचा वरच्या सप्तकातील स्वर येतो. यामागे साधे गणित आहे. तारेची लांबी निम्मी केली की तिची आंदोलने दुप्पट होतात. शास्त्रीय गिटारीची मोकळी तार बहुधा ६५० मिलिमीटर लांब असते. म्हणून तिचा बारावा पडदा बरोबर ३२५ मिलिमीटरवर येतो. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा साधारण अठरावा भाग कमी करतो. त्यामुळे पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर, तर दुसरा त्याच्यापुढे सुमारे ३४.४ मिलिमीटरवर असतो, आणि पुढे पडदे जवळजवळ येत जातात. नववीच्या वर्गात भूमितीय श्रेणी समजावताना आम्ही फळ्याशेजारी गिटारच उभी करतो.

आता पहिले आठ स्वर. यासाठी केवळ खालच्या तीन तारा पुरतात. तिसरी तार मोकळी वाजवली की जी, दुसऱ्या पडद्यावर ए. दुसरी तार मोकळी बी, पहिल्या पडद्यावर सी, तिसऱ्यावर डी. पहिली तार मोकळी ई, पहिल्या पडद्यावर एफ, तिसऱ्यावर जी. बी आणि सी, तसेच ई आणि एफ यांच्यात अर्ध्याच स्वराचे अंतर असल्यामुळे ते लगतच्या पडद्यांवर येतात. इतर स्वरांमध्ये एक पडदा रिकामा जातो. पेटीवर जेथे दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी पट्टी नसते, तीच ही ठिकाणे होत.

ज्याला सरगम येते, त्याने तिसऱ्या मोकळ्या तारेला षड्ज मानावे. मग वरील आठ स्वर सा, रे, ग, म, प, ध, कोमल नि आणि तार षड्ज असे होतात, म्हणजेच खमाज थाट. एफ हा स्वर पहिल्या पडद्यावरून दुसऱ्यावर नेला की निषाद शुद्ध होतो आणि बिलावल थाट हाती येतो. परकी वाटणारी ही अक्षरे म्हणजे आपल्याच सात स्वरांची दुसरी नावे आहेत, हे कळले की मुलांची भीती निम्मी ओसरते.

हातांच्या ठेवणीविषयी दोन शब्द. डाव्या हाताची तर्जनी पहिले बोट, मध्यमा दुसरे आणि अनामिका तिसरे मानतात. पहिल्या पडद्यासाठी पहिले, दुसऱ्यासाठी दुसरे, तिसऱ्यासाठी तिसरे बोट, हा नियम मोडू नये. बोट पडद्यावर न ठेवता पडद्याच्या किंचित मागे, टोकावर उभे टेकवावे. मग कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो. बोट मागे राहिले तर तार झणझणते. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आलटूनपालटून चालवावी.

बोटे दुखतील, हे आम्ही मुलांना आधीच सांगतो. काही आठवड्यांत टोकांची कातडी जाड होते आणि दुखणे थांबते. तोवर पंधरा मिनिटे सकाळी व पंधरा मिनिटे सायंकाळी एवढाच सराव पुरे; दुखणे वाढले तर त्या दिवशी थांबावे. लहान मुलांसाठी पोलादी तारांपेक्षा नायलॉनच्या तारा सोयीच्या. मात्र पोलादी तारांसाठी घडवलेल्या गिटारीवर नायलॉनच्या तारा बहुधा नीट बोलत नाहीत; म्हणून वाद्य घेतानाच हा विचार व्हावा.

‘हे वाद्य आपले नव्हे,’ असे काही पालक म्हणतात. पडदे पक्के असल्यामुळे आपल्या संगीतातील मींड गिटारीवर सहज निघत नाही, हे खरे आहे. परंतु ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवरून धातूचा दांडा सरकवून राग वाजवले. त्याच वाटेने जाऊन विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सह्याद्रीच्या रानातील शिसवी लाकूडही जगभरातील गिटारींच्या पाठीला आणि कडांना वापरले जाते. वाद्य ज्याच्या हाती रुळते, त्याचे होते.

ती विद्यार्थिनी पुढच्या वर्षी परत आली. तोवर आम्ही घोडीवरील पट्टी कारागिराकडून घासून घेऊन तारा खाली आणल्या होत्या. पहिला आठवडाभर तिने केवळ तीन मोकळ्या तारा वाजवल्या. महिन्याच्या शेवटी आठही स्वर न अडखळता चढून उतरून दाखवले. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी गिटार पडून असेल, त्यांनी ती मुलांच्या हाती देण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी. नायलॉन तारांच्या गिटारीत बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतील अंतर तीन-चार मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर आधी वाद्य दुरुस्त करून घ्यावे. तोवर मुलाच्या बोटांविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.