सहा रिकामी पिंपं

शिकागोच्या गूज आयलंड ब्रूअरीची ‘बर्बन काउंटी स्टाउट’ ही काळी बिअर फ्रिजमधून काढून लगेच तोंडाला लावली, तर नुसता गोडवा आणि घशात जाळ. ग्लास थोडा वेळ तसाच राहू द्यावा. तपकिरी फेस बघता बघता बसतो. चौदा टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलपुढे तो टिकत नाही. मग कडू चॉकलेट येतं, काळे मनुके, व्हॅनिला आणि मागून चक्क नारळाच्या वडीचा वास. मूळ स्टाउटमध्ये ना व्हॅनिला घालतात ना नारळ. दोन्ही करामती ही बिअर मुरते त्या, बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या ओक पिंपांच्या. लाकूड जाळलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं आणि नारळाचा भास लाकडातले लॅक्टोन करून देतात.

हे लाकूड मिळतं ते अमेरिकी कायद्याच्या कृपेने. बर्बन म्हणवून घ्यायचं तर व्हिस्की आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याला पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, मग ते विकायला निघतं. लाकडात मुरलेली व्हिस्की मात्र आतच असते.

अशा पिंपांत बिअर मुरवायची ही गोष्ट सुरू झाली, तेव्हा ग्रेग हॉल गूज आयलंडचे ब्रूमास्टर होते. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये एका जेवणावळीत त्यांची गाठ बुकर नो यांच्याशी पडली. नो म्हणजे जिम बीम यांचे नातू आणि त्या घराण्याचे मुरलेले डिस्टिलर. गप्पांतून सहा रिकामी पिंपं पदरात पडली. क्लायबर्न अव्हेन्यूच्या ब्रूपबमध्ये हजारावा घाणा काढायचा होता. हॉल यांनी माल्ट इतकं ओतलं की मॅश टनच्या, म्हणजे माल्ट भिजवायच्या भांड्याच्या, काठावरून बाहेर यायला लागलं. आंबवण झाल्यावर स्टाउट पिंपांत गेली ती दीडशे दिवसांसाठी. पुढचं काम शिकागोच्या हवेने केलं: उन्हाळ्यात बिअर लाकडात शिरते, थंडीत लाकूड ती परत सोडतं.

हॉल यांच्या सांगण्यानुसार हे १९९२ सालचं. पत्रकार जॉश नोएल यांनी गूज आयलंडवरच्या पुस्तकासाठी जुनी कागदपत्रं चाळली, तेव्हा वर्ष १९९५च्या आसपास निघालं. मला यात लबाडी दिसत नाही. चांगल्या किस्स्याचं वय सांगणाऱ्याच्या तोंडी वाढतंच. १९९५ला डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये ही बिअर पोचली, पण ती कुठल्या गटात बसवायची हेच ठरेना. पिंपात मुरलेल्या बिअरसाठी स्पर्धेत गटच नव्हता.

२०११मध्ये अँहायझर-बुश इनबेव या बलाढ्य बिअर कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरना गूज आयलंड विकत घेतली. यावर छोट्या, स्वतंत्र ‘क्राफ्ट’ बिअरच्या चाहत्यांनी भरपूर दातओठ खाल्ले. मला २०१५चा हंगाम जास्त बोलका वाटतो. त्या वर्षीच्या काही बाटल्या आंबट निघाल्या. इतक्या अल्कोहोलमध्ये कुठला जंतू जगतोय, असं वाटतं. पण लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटोलरन्स जगला होता. कंपनीने पैसे परत दिले आणि पुढच्या हंगामापासून बिअर पाश्चराइज करून भरायला सुरुवात केली. पंचाईत हौशी मंडळींची झाली. ही बिअर ते वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात, त्यामुळे आपली बाटली नासली की वाचली हे कळायला ती फोडण्यावाचून इलाज नव्हता.