शालींची अग्निपरीक्षा

मे महिन्याचा दुसरा आठवडा. जालन्यात पारा 42 वर. दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंही फिरकत नाही, अशा वेळी समोरच्या काकूंच्या गच्चीवर दोरीला चार स्वेटर, दोन कानटोप्या आणि एक मफलर वाळत होता. डांबरगोळ्यांचा वास गरम वाऱ्याबरोबर थेट माझ्या खिडकीत आला. आधी वाटलं, केदारनाथ असेल. आमच्याकडून उन्हाळ्यात यात्रेच्या गाड्या निघतातच. पण न राहवून वर गेले.

“अलास्का,” काकू म्हणाल्या. “बोटीनं. लेकाचा हट्ट.”

लेक सिॲटलला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथूनच बोट निघणार, सात रात्री उत्तरेकडे जाऊन परत येणार. जूनो, स्कॅगवे, केचिकन ही गावं आणि एक दिवस नुसता बर्फाच्या कड्यांसमोर. नाव उन्हाळ्याचं, पण जूनोचा भर उन्हाळा म्हणजे दुपारी सतरा-अठरा अंश. आमच्याकडे एवढी थंडी दिवाळीनंतरच्या पहाटेला पडते.

काकांनी मात्र मला थंडीची गोष्ट सांगितलीच नाही. ते म्हणाले, “23 किलो.”

विमानाला माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलोच्या. म्हणजे दोघांच्या चार. त्यातल्या तीन नातवंडांच्या नावे लागलेल्या: पापड, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीचे आकाशकंदीलसुद्धा. उरलेल्या एका बॅगेत दोन माणसांचे दोन महिन्यांचे कपडे, त्यातले सात दिवस थंडी-पावसाचे. “23 किलोत संसार बसवायचाय,” काका म्हणाले. नंतरच्या तीन आठवड्यांत हा आकडा मी इतक्या वेळा ऐकला, की गल्लीतली पोरंही काकांना पाहून ‘तेवीस’ म्हणू लागली.

लेकानं फोनवर यादी पाठवली होती. तिची पहिलीच ओळ काकांना झोंबली: सुती कपडे नकोत. काकांची उभी हयात जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. कापसाच्या मुलखातल्या माणसाला सूत नको म्हणणं म्हणजे भाकरी नको म्हणण्यासारखंच. “अंगाला सूतच हवं,” ते दोन दिवस पुटपुटत राहिले. पुढच्या ओळी अशा: आतून अंगाला चिकटून बसणारा पातळ थर, त्यावर उबेचा, सगळ्यांत वर पाणी आणि वारा अडवणारा. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीनं बोटीवर चालत नाही. लोहचुंबकाचे हूक आणा, खोलीच्या भिंती पोलादी असतात, ओले कपडे त्यांवर टांगता येतात. ही ओळ तेवढी काकांना आवडली. सळयांच्या गावचा माणूस. पोलादाशी ओळख निघाली म्हणून त्यांना जरा धीर आला.

यादीखाली दुकानांच्या लिंका होत्या. एकेका जाकिटाची किंमत पाहून काकूंनी फोन पालथा ठेवला आणि शालींचा गठ्ठा बगलेत मारून मला म्हणाल्या, “चल कादराबादला. मास्तरला दाखवू.”

हे टेलरमास्तर काकूंच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. साठीला आले तरी त्यांच्या लेखी काकू म्हणजे ‘बाई’. दुकान एवढं अरुंद, की मशीन चालू असलं की गिऱ्हाईकानं रस्त्यावरच उभं राहायचं. एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडे एक वेगळंच काम येतं: यात्रेला निघालेल्या बायांच्या परकरांना आतून चोरखिसा लावणं. त्या दिवशीही सात-आठ परकर खुंटीवर होते. ते बाजूला सारून मास्तरांनी गठ्ठा सोडला.

सतरा शाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढलेल्या बाईंच्या घरी आणखी काय साठणार? आदर्श शिक्षक, निरोप समारंभ, हळदीकुंकू, कुणाच्या तरी साठीचा सोहळा. दर खेपेला नारळ फुटला, शाल गठ्ठ्यात गेली. काकूंचा साधा हिशेब होता: एवढ्या शाली असताना जाकीट कशाला घ्यायचं?

मास्तरांनी एकेका शालीचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत चोळला, काही बोलले नाहीत. मग पहिल्या शालीचा एक धागा काढून चिमट्यात धरला आणि खाली काडी ओढली. धागा जळला नाही, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी तयार झाला.

“प्लास्टिक,” मास्तर म्हणाले.

दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी तोच मणी. एका शालीचा धागा कागदासारखा भुर्रकन जळून गेला. एक हिमरू होती, छत्रपती संभाजीनगरहून कुणीतरी आणलेली. तिला त्यांनी काडी लावलीच नाही. “ही सूत-रेशमाची. हिला जाळायचं नाही बाई, पाप लागतं.” घडी करून त्यांनी ती वेगळी ठेवली.

चौदा मणी एका ओळीत कटिंगच्या टेबलावर. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काय वाटलं असेल, मला विचारवलं नाही. मास्तरच ओशाळून म्हणाले, “बाई, सत्काराच्या शाली फोटोपुरत्याच असतात. ऊब देणाऱ्याच्या मनात असली तं असली.” मग समजूत घालत म्हणाले, की हे कापड पाणी फार पीत नाही, वाळतंही लवकर, खोलीत खांद्यावर टाकायला बरंय. “पण वारा आला तं हिच्यातून आरपार जाईन.”

सतरावी शाल तपकिरी, किनार विटलेली, एका कडेला कसरीनं खाल्लेली. तिचा धागा पेटला तसा लगेच विझला. आणि दुकानभर वास पसरला. जळक्या केसांचा.

तो वास मला अजून आठवतो. बाहेर 42 अंश, डोक्यावर पत्रे तापलेले, परकरांच्या खळीचा आंबूस वास, आणि त्या सगळ्यातून एकदम तो सजीव, जरासा किळसवाणा वास. मास्तरांनी उरलेली राख बोटांत चुरली, तिचं पीठ झालं. “लोकर. रेशीमबी असंच जळतं, पण ते हाताला कळतं. ही मेंढी हाये.”

ती सत्काराची नव्हतीच. काकूंच्या वडिलांची होती, गठ्ठ्यात चुकून आली होती.

मग मास्तरांनी लेकाची यादी मागितली. चष्मा वर करून वाचली आणि थरांबद्दल माझ्या मनात दोन दिवस घोळणारी शंका पाच वाक्यांत फेडली. “थर म्हंजे काय, गोधडी. जुनी लुगडी एकावर एक टाकतो, ऊब लुगड्याची नसती, मधल्या हवेची असती. पण गोधडी भिजली तं उचलत नाही. सूत पाणी धरून बसतं. घोंगडं भिजलं तरी ऊब सोडत नाही, म्हून धनगर पावसात घोंगडं घेतो, गोधडी नाही.” परदेशी दुकानांची लांबलचक माहिती मी वाचली होती. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

आणि पाऊस तिथे साधा नाही. केचिकनला वर्षाला साधारण 3,800 मिलिमीटर पडतो. आमच्याकडे 600-700 पडला तरी मोसंबीवाले देवाला नारळ वाढवतात. त्यामुळे सगळ्यांत वरचा थर महत्त्वाचा. पण रेनकोट? सदर बाजारात तीन दुकानं फिरलो. “मृग लागल्यावर या,” दुकानदार म्हणाला. “मेमध्ये रेनकोट कोण घेतं?” चौथ्याकडे मागच्या वर्षीचे दोन सापडले, घड्यांवर चिकटलेले. एक काकांना आखूड होता. तरी दोन्ही घेतले.

परत आलो तेव्हा मास्तर त्या तपकिरी शालीवर हात ठेवून बसले होते. शिवायचं ठरलं होतं: बिनबाह्यांची बंडी, आत अस्तर, गळा बंद, साडीवर आणि कुडत्यावरही चालेल अशी. खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या, पण कात्री उचलली जात नव्हती.

“बाई, वडलांची हाये.”

“काप,” काकू म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तशाच.

कसरीनं खाल्लेली कड वगळून मास्तरांनी कापलं. मला उगाच आनंदीबाई जोशी आठवल्या. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसून नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेलेली अठरा वर्षांची मुलगी. तिकडच्या थंडीत नऊवारी पुरेना, पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. लुगडं सोडायचं नाही आणि थंडीनं मरायचंही नाही, यातून काढलेली ती वाट होती. काकूंचीही तीच खटपट. “पँट घाल म्हणतो पोरगा. घालीन. पण वर माझं काहीतरी पाहिजे.”

बाकीची बांधाबांध लवकर उरकली. पायाला आणि अंगाला चिकटून बसणारे थर्मल, इस्त्री न लागणाऱ्या दोन साड्या, बोटीवरच्या नटूनथटून जेवण्याच्या रात्रीसाठी एक नारायणपेठ, चार जोड लोकरी मोजे. जूनमध्ये तिथे रात्री दहालाही उजेड असतो म्हणून डोळ्यांवर बांधायला काळी ओढणी. बोटीवर चढल्यावर मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून एक जोड आणि गोळ्या हातातल्या पिशवीत.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग मोंढ्यातल्या एका भुसार दुकानाच्या काट्यावर चढली. हरभऱ्याच्या पोत्यांच्या रांगेत निळी बॅग. आकडे पळाले आणि थांबले: 26.4. हमाल हसले. काकांनी तिथेच पोत्यावर बॅग उघडली. त्यांचे सहा सुती सदरे निघाले, यादी वाचूनही लपवून भरलेले. 25. मग एक चादर. 24.1. मग काकूंचं पूजेचं पितळी सामान, नाइलाजानं. 23.

काट्याशेजारी उभी असताना मी काकांना सांगितलं, की ते जिथं जाणार त्या स्कॅगवेहून 1897-98 मध्ये सोन्याच्या नादानं हजारो माणसं डोंगर चढून गेली. कॅनडाच्या पोलिसांनी खिंडीत अट घातली होती: वर्षभराचं सामान बरोबर असेल तरच पुढे सोडू. ते एकूण जवळजवळ एक टन भरे. माणसं तेच ओझं पाठीवर घेऊन पुन्हा पुन्हा घाट चढत होती. काका क्षणभर गप्प झाले. “म्हणजे आपले 23 बरे,” असं म्हणाले आणि सदऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

जूनअखेर काकूंचा फोन आला. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. काकांनी उत्साहानं सगळं भरून बॅग बाहेर ठेवली, सकाळचे कपडेही तिच्यातच, आणि बोटीवरून उतरले ते रात्रीच्या लेंग्यावर रेनकोट चढवून. तो आखूड. हे सांगताना काकूंना हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कादराबादला गेले, मास्तरांना ही गंमत सांगायला. ते मशीन थांबवून ऐकत होते, पण हसले नाहीत. काकांच्या लेंग्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

“बंडी भिजली का?”

भिजली होती. केचिकनला रेनकोटाच्या गळ्यातून पाणी आत गेलं, पार अस्तरापर्यंत. काकूंनी ती अंगातून काढली नाही, थंडी वाजली नाही म्हणाल्या. रात्री चुंबकाच्या हुकावर टांगली तेव्हा खोलीभर असा वास सुटला, की काका म्हणाले, आपण बोटीत आहोत की मेंढरांच्या वाड्यात?

तेव्हा मास्तर हसले. टेबलाच्या खणातून तपकिरी शालीची उरलेली पट्टी काढली, नाकाशी नेली, आणि पुन्हा खणात ठेवून पायडल मारायला लागले.